मनाची इशारा पातळी: स्तनाचा कॅन्सर आणि बाईच्या जिवाला लागणारा घोर

जुलैचा शेवट आला की कोल्हापुरात माणसं ‘जेवलास का’ विचारायच्या आधी ‘पाणी किती?’ विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीवरचा आकडा शेंबड्या पोरालाही पाठ असतो. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. आकडा ३७-३८ वर गेला की शाहूपुरीतला दुकानदार माल वरच्या फळ्यांवर चढवायला घेतो आणि चिखली-आंबेवाडीत जनावरं हलवायची बोलणी सुरू होतात. ‘पाणी चढलंय हे कुणाला सांगू नका, गावाचा धीर सुटेल’ असं इथं कुणी म्हणत नाही. २०१९ आणि २०२१ चे महापूर बघितलेल्या गावाला ते परवडणारंही नाही.

आमच्या नात्यातल्या एका काकूंना स्तनाचा कॅन्सर निघाला, तेव्हाही घरात आकड्यांचीच भाषा होती. हिमोग्लोबिन किती, पांढऱ्या पेशी किती, पुढची केमो कितव्या तारखेला, सगळं लेकाच्या मोबाइलमध्ये. मनाचं मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ‘बरं हाय की’ एवढंच आलं असतं. चौथ्या केमोच्या सकाळी रिक्षा दारात उभी होती आणि काकू उंबऱ्यावर बसल्या त्या उठेचनात. ‘मला न्हाई जायाचं.’ घरच्यांना वाटलं, हे अचानक काय झालं? अचानक काहीच झालं नव्हतं. पाणी तीन महिने चढत होतं, पट्टी कुणी वाचली नव्हती.

दर ऑक्टोबरात स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना येतो. गुलाबी रिबिनी, गुलाबी फुगे, रंकाळ्यावर कुणाची तरी चालण्याची फेरी. गाठ कशी तपासायची ते आता बऱ्याच जणींना माहीत झालंय, हे चांगलंच. पण गाठ निघाल्यानंतरच्या रात्री काय होतं, याबद्दल त्या फुग्यांवर काही लिहिलेलं नसतं. हा लेख त्या रात्रींबद्दल.

आधी आजाराचं थोडक्यात

भारतातल्या बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना तो नव्याने निघाला. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे मुलगी बारावीला, सासूबाई अंथरुणाला आणि घराच्या कर्जाचे हप्ते चालू, अशा वयात.

मुख्य उपचार चार प्रकारचे. ऑपरेशन, केमो (सलाईनमधून जाणारी औषधं), शेक म्हणजे रेडिएशन आणि काही जणींना पाच ते दहा वर्षं घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या. गाठ लवकर सापडली तर पुष्कळ जणी बऱ्या होतात. पण ‘बरी होणं’ हे काविळीसारखं पंधरा दिवसांचं काम नाही, काही वर्षांचा रस्ता आहे. शरीराबरोबर मनालाही तोच रस्ता चालावा लागतो आणि त्याला कुणी पायताण दिलेलं नसतं.

कॅन्सरच्या रुग्णाचं मन सांभाळणाऱ्या वैद्यकशाखेला सायको-ऑन्कोलॉजी म्हणतात. नाव एकदा ऐकून ठेवा, पुढे लागणार नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९७७ मध्ये यासाठी स्वतंत्र विभाग उभा केला. त्याआधी कॅन्सरच्या रुग्णाला ‘कसं वाटतंय’ हे विचारायची पद्धतच नव्हती. कारण सोपं आहे. त्याला आजाराचं नावच सांगितलेलं नसे.

पट्टी कशी वाचायची

मनाचं माप काढायला रक्त काढावं लागत नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांमध्ये एक साधी पट्टी वापरली जाते. तिला ‘त्रासाचा थर्मामीटर’ म्हणता येईल. उभी रेघ, तळाला ०, माथ्यावर १०. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे. प्रश्न एकच: आज धरून गेल्या आठवड्याभरात तुम्हाला किती त्रास झाला, त्या आकड्याला गोल करा. आकडा ४ किंवा जास्त आला तर पुढची चौकशी करायची.

चार ही इशारा पातळी. ३९ फुटांना कुणी गाव सोडत नाही, पण तिथून पुढं लक्ष ठेवतात. तसंच हे. चार आला म्हणजे बाईला मानसिक आजार झाला असा अर्थ नाही. कुणीतरी बसून विचारायची वेळ आली, एवढाच.

पट्टीच्या शेजारी एक यादी असते: पैसे, जाण्यायेण्याची सोय, मुलं, नवरा, झोप, दुखणं, भीती, देवावरचा विश्वास डळमळणं. यांतलं काय-काय सतावतंय त्यावर खूण करायची. मला ही यादी पट्टीपेक्षा मोलाची वाटते. कारण बऱ्याचदा सात आकड्यामागे मरणाची भीती नसते, ‘शेकाला महिनाभर रोज सोबत कोण येणार’ हा प्रश्न असतो. त्यावर गोळी नको, माणूस हवा.

मानसिक आजार, टेन्शन, डिप्रेशन असले शब्द टाळून ‘त्रास’ हा साधा शब्द निवडला गेला, तोही मुद्दाम. वेडं ठरण्याची भीती न्यूयॉर्कच्या बाईलाही असते आणि कसबा बावड्याच्या बाईलाही. आपल्याकडे तर याला फार चांगला शब्द आहेच. ‘जिवाला घोर लागलाय,’ म्हणतात.

पाणी कधी चढतं

सगळ्यात जास्त ते चढतं वाट बघताना. गाठीचा तुकडा तपासायला दिला आणि रिपोर्ट यायचा आहे, ते आठ-दहा दिवस. रिपोर्ट वाईट आला तरी काही जणी सांगतात, ‘एकदाचं कळलं, बरं वाटलं.’ माहीत नसणं हे माहीत असण्यापेक्षा जड जातं.

माहिती वेळेवर मिळाली नाही तर विनाकारण घाबरगुंडी उडते. केमोतलं एक औषध लालभडक रंगाचं असतं. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. हे आधी सांगितलेलं नसेल तर बाई रात्री दोन वाजता संडासात एकटी रक्त समजून थरथरत उभी राहते. एका वाक्यानं टळणारी गोष्ट आहे ही. मानसिक उपचार म्हटलं की लोकांना कोच आणि दाढीवाले डॉक्टर आठवतात. ते एक वाक्य वेळेवर सांगणं हाही मानसिक उपचारच.

दुसरा चढ कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण तो उपचार संपल्यावर येतो. शेवटचा शेक झाला, घरी पेढे वाटले, पाहुणे यायचे थांबले. ‘आता काय, सुटलीस!’ आणि नेमकं त्यानंतर पंधरा दिवसांनी बाई रडायला लागते. घरचे चक्रावतात. पण पुराचं आठवून बघा. पाणी असतं तेव्हा माणूस धावत असतो. बोटी येतात, अन्नाची पाकिटं येतात, टीव्हीवाले येतात. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल असतो, भिंतीवर ओलीची रेघ असते आणि मदतीला कुणी नसतं. माणसं तेव्हा रडतात. उपचार चालू असताना रोज कुणीतरी तपासत होतं, आता तीन महिन्यांनी या म्हणाले. पाठ दुखली तरी वाटतं, परत आला की काय. दर तपासणीच्या आदल्या आठवड्यात झोप उडते. ही परत उलटण्याची भीती सगळ्यात चिवट. ती अनेक वर्षं राहू शकते. तिचा जोर कमी करता येतो, ती मुळापासून उपटून मिळत नाही.

बांगड्यांचं काय करायचं

पोटाचा कॅन्सर पोटात असतो. हा आजार बाई म्हणून जे-जे दिसतं त्यावर येतो. स्तन, केस, पाळी. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात. ते परत येतात, पण तोवर आरशात कुणी दुसरीच उभी असते. कित्येक जणी सांगतात की स्तन गेल्यापेक्षा वेणी गेल्याचं जास्त लागलं. पदरानं छाती झाकता येते. पदरानं डोकं किती दिवस झाकणार?

आपल्याकडे याला एक वेगळा पदर आहे. कुठलंही मोठं ऑपरेशन असलं की थिएटरात नेण्याआधी अंगावरचं सगळं काढायला सांगतात: मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या. नर्सच्या दृष्टीनं ती स्वच्छतेची आणि सुरक्षेची बाब. पण आपल्याकडे बाईच्या अंगावरून या वस्तू उतरतात त्या आणखी एकाच प्रसंगी, हे तिला माहीत असतं. पुढे काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या बाजूच्या हाताला सूज आली, तर घट्ट बांगड्या घालू नका म्हणतात. एक हात भरलेला, एक मोकळा. शेजारणीची नजर आधी हातावर जाते.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला. तो कॅन्सरसाठी नव्हता, मला ठाऊक आहे. पण ज्या जिल्ह्यातल्या एका गावानं बाईचं सौभाग्य वस्तूंपासून सोडवायचं ठरवलं, त्याच जिल्ह्यात कॅन्सर झालेल्या सवाष्णीला हळदी-कुंकवाला बोलवायला अजून का कचरतात, याचा विचार व्हायला हवा. बोलावणं न आल्याचं दुःख केमोच्या उलट्यांपेक्षा मोठं असतं, असं मला एकीनं सांगितलं. हा आजार शिवल्यानं लागत नाही. तिचं ताट वेगळं ठेवायचं काही कारण नाही.

नवरा-बायकोच्या नात्याबद्दल आपण बोलत नाही, म्हणून दोघांचीही कुचंबणा होते. तिला वाटतं, त्याला आता किळस येत असेल. तो जवळ येत नाही, कारण जखमेला धक्का लागेल अशी त्याला धास्ती. दोघं दोन भिंतींकडे तोंड करून झोपतात. हार्मोनच्या औषधांनी आणि केमोनं शरीर कोरडं पडतं, इच्छा कमी होते. त्यावर उपाय आहेत आणि डॉक्टरांना ते विचारता येतात. लाज वाटत असेल तर लेडी डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारावं.

ज्यांची गाठ लहान आहे त्यांना पूर्ण स्तन न काढता फक्त गाठ काढून शेक देण्याचा पर्याय असू शकतो. त्यात जगण्याची शक्यता कमी होत नाही. हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वीस-वीस वर्षं चाललेल्या दोन अभ्यासांतून पक्कं झालंय. तरी ‘सगळंच काढून टाका, कटकट नको’ हा निर्णय बऱ्याचदा बाई घेत नाही, तिच्या वतीनं बाहेरच्या बाकावर दीर आणि भाऊ घेतात.

सगळंच ‘मनाचं’ नसतं

काकूंकडे परत येऊ. त्या दिवशी केमो हुकली. दोन दिवसांनी एका समुपदेशक बाईंनी त्यांना शांतपणे विचारलं, की नेमकं कुठं नको वाटतं? घरी? दवाखान्यात? काकू म्हणाल्या, ‘रिक्षा दसरा चौकातनं वळली की पोटात ढवळतंय. औषध टोचायच्या आदीच उलटी येत्या.’

याला कारण आहे आणि ते शिकवलेल्या कुत्र्याच्या जुन्या प्रयोगातलंच: खाणं देताना घंटा वाजवत गेले, मग नुसत्या घंटेनंही त्याला लाळ सुटू लागली. तीन वेळा त्या वळणानंतर केमो झाली, केमोनंतर उलट्या झाल्या. मेंदूनं वळण आणि उलटी यांची गाठ मारली. पुढं वळण दिसलं की उलटी, औषध पोटात असो वा नसो. हे नाटक नाही आणि भित्रेपणाही नाही. अंग सैल सोडण्याचा सराव, लक्ष दुसरीकडे वळवण्याच्या युक्त्या आणि आदल्या रात्री व सकाळी डॉक्टरांनी दिलेली एखादी गोळी यांनी ही गाठ बरीच सैल होते. पहिल्याच केमोपासून उलट्यांवर नीट औषध मिळालं तर ती बसतच नाही बहुतेक वेळा.

केमोबरोबर उलटी आणि ॲलर्जी टाळायला स्टेरॉइड देतात. त्यानं एक-दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, चिडचिड होते, आणि त्याचा असर उतरला की मन एकदम खाली बसतं. केमोनं पाळी अचानक थांबू शकते. जे पन्नाशीत हळूहळू व्हायचं ते चाळिशीत काही महिन्यांत होतं. मग अंगातून वाफा, रात्री घामानं जाग आणि दिवसभर रडकुंडी. रक्त कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलेला असेल तर माणूस नुसता पडून राहतो. कुकरच्या शिट्या विसरणं, शब्द न आठवणं हेही केमोनंतर काही जणींना होतं, बहुतेकींचं हळूहळू सुधारतं.

म्हणून ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ म्हणण्याआधी तपासणी. आणि ‘हे सगळं केमोमुळे’ म्हणून सोडून देण्याआधीही तपासणी. दोन्ही बाजूंनी चूक होते.

दुःख वेगळं, नैराश्य वेगळं

गाठ निघाल्यावर रडू येणारच. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला गेलं की आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. दरवाजे उघडले म्हणून धरण फुटलं असं कुणी म्हणत नाही. रडण्याचं तसंच आहे. नातवंडं आली की हसू फुटतं, आवडीची मालिका लागली की दोन घटका विसर पडतो, असं असेल तर ते दुःख.

नैराश्य हा आजार आहे, तो या दुःखाचा मोठा भाऊ नव्हे. ओळखायला दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास, हताश वाटलं का? आणि आधी ज्यात रस वाटायचा त्यात आता काहीच वाटेनासं झालंय का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो, बहुतेक दिवस’ असेल तर डॉक्टरांना सांगायचं. इथं एक अडचण आहे. भूक न लागणं, झोप न येणं, थकवा ही नैराश्याची लक्षणं आणि केमोचीही. मग काय कशाचं? म्हणूनच रुग्णालयांसाठी १९८३ मध्ये तयार झालेल्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीतून शरीराची लक्षणं जवळजवळ गाळूनच टाकली आणि आनंद, रस, भीती यांवर भर दिला. घरच्यांनीही तेच बघावं. ती जेवत नाही याच्यापेक्षा, लेक सुट्टीला आली तरी तिचा चेहरा हलत नाही, ही मोठी खूण. ‘माझ्यामुळं सगळ्यांना ताप’ हे वाक्य पुन्हा-पुन्हा येणं ही आणखी मोठी.

किती जणींना होतं? वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा २०११ मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला. रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कॅन्सर रुग्णांपैकी साधारण ३० ते ४० टक्क्यांना नैराश्य, चिंतेचा आजार किंवा परिस्थितीशी जुळवून घेताना होणारा गंभीर त्रास यांपैकी काहीतरी होतं. म्हणजे दहात तीन-चार. सहा-सात जणींना यांतलं काही होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

‘मनाला लावून घेतलं म्हणून झालं’

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की त्यासाठीच लेख लिहायला घेतला म्हटलं तरी चालेल. सासूनं छळलं, नवऱ्यानं पिऊन घर बुडवलं, तिनं सगळं आत ठेवलं, ते गाठ होऊन बाहेर आलं. ऐकायला पटतं. आपल्या भाषेत मनातही गाठ बसते आणि छातीतही, त्यामुळं जास्तच पटतं.

ब्रिटनमध्ये १ लाख ६ हजारांहून जास्त बायकांना त्यांच्या आयुष्यातल्या ताणाबद्दल विचारून पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आला: जास्त ताण सांगणाऱ्या बायकांना स्तनाचा कॅन्सर जास्त झाला, असं दिसलं नाही. वय, जनुकं, पाळी लवकर सुरू होणं आणि उशिरा जाणं, पाळी गेल्यानंतरचं वजन, दारू, मुलं न होणं किंवा उशिरा होणं यांचा संबंध पक्का आहे. तोही प्रत्येकीला लागू पडतोच असं नाही. आईकडून किंवा वडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे होणारे कॅन्सर शंभरात पाच ते दहा.

सासूचा छळ वाईटच. तो थांबवायला कॅन्सरचं कारण कशाला हवं?

मग ‘पॉझिटिव्ह राहा’ हे तरी खरं ना?

याची गोष्ट मजेदार आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड स्पीगल या मनोविकारतज्ज्ञांनी जाहीर केलं, की आजार शरीरभर पसरलेल्या ज्या बायका दर आठवड्याला गटात बसून मन मोकळं करत होत्या, त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या. अभ्यास ८६ बायकांचा. जगभर बातमी झाली. मन घट्ट करा, कॅन्सर हरतो! मग २००१ मध्ये २३५ बायकांवर तोच प्रयोग झाला. आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांनी पुन्हा करून पाहिलं. एकंदरीत आयुष्य वाढल्याचं त्यांनाही दिसलं नाही आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे छापलं.

पण २००१ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती बातमीत आली नाही. गटात बसलेल्या बायकांचा मानसिक त्रास कमी झाला आणि दुखणंही कमी जाणवलं. सगळ्यात जास्त फायदा झाला तो सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रासात असलेल्या बायकांना. म्हणजे आयुष्य तेवढंच, पण त्यातले दिवस कमी वाईट. मला हा फायदा लहान वाटत नाही.

‘पॉझिटिव्ह राहा’ यात खरा धोका दुसरा आहे. आजार परत उलटला, तर बाईला वाटतं, मीच हसले नाही पुरेशी. गाठ तर गाठ, वर दोषही तिचाच. शिवाय रोज हसरा चेहरा लावायचा म्हणजे आकडा लपवायचा. पट्टी झाकून ठेवली म्हणून पंचगंगा उतरत नाही.

मन आणि आयुष्य यांचा एक सरळ धागा मात्र आहे. वेगवेगळ्या आजारांच्या रुग्णांत, नैराश्य असलेल्यांनी सांगितलेले उपचार नीट न पाळण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे तिप्पट, असं २००० मधल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायची तर सकाळी उठून ‘घ्यावीशी’ वाटावी लागते. उंबऱ्यावर बसून राहिलेल्या काकू हे त्याचंच चित्र.

‘आईला नाव सांगू नका’

मुलं डॉक्टरांच्या केबिनमध्ये आधी एकटी शिरतात आणि हे सांगतात. प्रेमापोटीच. १९६१ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांना विचारलं, तर १०० पैकी ९० म्हणाले होते, आम्ही कॅन्सरचं निदान रुग्णाला सांगत नाही. १९७९ मध्ये तोच प्रश्न, तर ९७ जण सांगतो म्हणाले. अठरा वर्षांत रीत उलटी झाली.

आणि खरं सांगायचं तर आईला कळलेलंच असतं. केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरची बाई पहिल्या तासाभरात सगळं सांगते. मग मुलं तिच्यापासून लपवतात, ती मुलांपासून लपवते, आणि घरात सगळे ‘अल्सर’बद्दल बोलत राहतात. तिला किती ऐकायचंय ते तिलाच विचारावं. ‘सगळं सांगू का थोडं-थोडं?’ एवढा प्रश्न पुरतो.

‘त्या गोळ्यांची सवय लागते’

नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र त्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे उतरवत न्यायच्या. असर दिसायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, तेव्हा आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून फेकू नयेत. चिंतेवरच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागू शकते, त्या थोडे दिवसच.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी शरीरात गेल्यावर यकृतातल्या एका रसायनामुळे असरदार रूपात बदलते. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं त्या रसायनाला अडवतात. म्हणून टॅमॉक्सिफेन चालू असताना ती शक्यतो टाळून दुसरी निवडतात. व्हेनलाफॅक्सिन हे त्यातलं एक, त्यानं अंगातल्या वाफाही कमी होतात. मनोविकारतज्ज्ञांना कॅन्सरच्या गोळीचं नाव सांगा, कॅन्सरच्या डॉक्टरांना मनाच्या गोळीचं. हे वाचून चालू गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

आणि गोळ्या म्हणजे शेवटचा उपाय किंवा एकमेव उपाय नव्हे. विचारांची घातक वळणं ओळखून बदलायला शिकवणारं समुपदेशन, आजारातून गेलेल्या बायकांचा गट, आणि थकवा घालवायला सगळ्यात भरवशाचं म्हणजे चालणं. थकलेल्या बाईला आपण झोपवून ठेवतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज थोडं चालल्यानं थकवा कमी होतो, वाढत नाही. रंकाळ्याची पूर्ण फेरी नको. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, आणि परत.

जायचं कुठं, पैसे कुठले

मनोविकार विभाग सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत असतो. कोल्हापुरात ते म्हणजे सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. तिथल्या वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना भेटायला विसरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. कागद कुठला, शिक्का कुणाचा हे त्यांना माहीत असतं. पैशाचा घोर हा घोरच असतो आणि तो मिटला की आकडा दोनानं उतरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गगनबावडा-चंदगडहून दर वेळी शहरात येणं शक्य नसेल तर टेलिमानस आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली. नंबर १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं बोलणं निघालं तर उद्यावर ढकलू नका, त्याच घटकेला हा नंबर लावा आणि तिला एकटं सोडू नका. ‘तसलं विचारलं तर तिच्या डोक्यात येईल’ ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं विचार येत नाही, बोलायला वाट मिळते. खासगी विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना शरीराच्या आजारांप्रमाणेच मनाच्या आजारांनाही संरक्षण देणं बंधनकारक केलंय. पॉलिसी काढून बघा.

आणि जो तिच्याबरोबर प्रत्येक वारीला बाहेरच्या बाकावर बसतो, त्या नवऱ्याचा किंवा लेकीचा आकडाही कधीतरी विचारा. त्यांच्यासाठी पट्टी कुणी लावलेली नसते.

काकूंची चौथी केमो दहा दिवस उशिरा झाली. रिक्षाचा रस्ता बदलला, दसरा चौक टाळून मागच्या अंगानं गेले. आदल्या रात्रीची गोळी, तोंडात आवळा सुपारी आणि सोबत लेकाऐवजी धाकटी जाऊ, कारण लेकासमोर त्यांना ओकायची लाज वाटायची. हे कुणालाच माहीत नव्हतं. आता त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर, जिथं लेक पेनानं पेशींचा आकडा लिहितो, त्याच्या खाली दर सोमवारी आणखी एक आकडा असतो. मागच्या सोमवारी तिथं पाच होते. शेजारी त्यांच्याच अक्षरात: ‘झोप नाही. बाकी बरं हाय.’